डेटाबेसमधली नोंद पानावर येताना: सातबाऱ्यावरून शिकूया

सर्व्हेचा डेटा गोळा केला, टेबलमध्ये भरला, आता तो वेबपेजवर दाखवायचाय. इथे बरेच जण टेम्पलेटला ‘नुसतं डिझाइन’ समजून ते काम शेवटच्या रात्रीवर ढकलतात. पण वाचणारा डेटाबेस उघडून बघत नाही, तो पान बघतो. त्याच्यासाठी पानावर दिसलं तेच खरं.

याचं ओळखीचं उदाहरण म्हणजे सातबारा. आमच्या भिवंडी तालुक्यात मानकोली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात शेतजमिनींवर गोदामं उभी राहिली. जमिनीचा व्यवहार निघाला की आधी महाभूलेखवर सातबारा बघतात. गाव नमुना ७ मध्ये मालकी आणि हक्क, १२ मध्ये पिकं. म्हणजे ‘नमुना’ हा टेम्पलेटच झाला. त्याच जमिनींची माहिती खातेदारानुसार मांडली की ८-अ मिळतो. माहिती एक, टेम्पलेट दोन.

सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने सातबाऱ्याचा नमुना बदलला. पूर्वी मयत खातेदाराचं नाव कंसात दिसायचं, आता त्यावर आडवी रेघ असते. खाते क्रमांक ‘इतर हक्क’ रकान्यातून खातेदाराच्या नावासमोर आला. आणि गटावर एकही फेरफार बाकी नसेल, तर तिथे ‘प्रलंबित फेरफार नाही’ असं स्पष्ट छापलं जाऊ लागलं.

हा शेवटचा बदल आपल्या कामाचा आहे. जागा नुसती कोरी असती, तर बघणाऱ्याला काय कळलं असतं? फेरफार नाही, की माहितीच आलेली नाही?

हेच जँगोत करायचं तर

समजा, असा उतारा आपण जँगोत बनवतोय. मॉडेल म्हणजे टेबलची रचना. व्ह्यू त्यातून एका गटाचे प्रलंबित फेरफार काढतो आणि एका नावाखाली टेम्पलेटकडे पाठवतो. टेम्पलेट ‘फॉर’ लूप लावून एकेक नोंद छापतो. लूपच्या आत ‘एम्प्टी’ हा टॅग टाकला, की यादी रिकामी असताना त्याखालचं वाक्य छापलं जातं. आपलं ‘प्रलंबित फेरफार नाही’ तिथेच लिहायचं.

आता खरी गोम. व्ह्यूने एका नावाने यादी पाठवली आणि टेम्पलेटमध्ये स्पेलिंग चुकलं, तर जँगो एरर देत नाही. न सापडलेलं नाव तो लूपमध्ये रिकामी यादी म्हणून धरतो. म्हणजे डेटाबेसमध्ये तीन फेरफार बाकी असूनही पानावर ठसठशीत ‘प्रलंबित फेरफार नाही’ येईल! कोऱ्या जागेने निदान शंका तरी आली असती, हे वाक्य वाचून माणूस निर्धास्त होऊन व्यवहार करेल. जिंजा वापरत असाल तर ‘स्ट्रिक्ट अनडिफाइन्ड’ सेटिंग लावा, म्हणजे असं नाव आल्यावर सरळ एरर मिळते. जँगोत मात्र त्यासाठी टेस्टच लिहावी लागते.

शून्य आणि ‘नोंद नाही’

दुसरी जागा आकड्यांची. पोटखराबा क्षेत्र शून्य असणं वेगळं आणि ते मोजलेलंच नसणं वेगळं. डेटाबेसमध्ये पहिलं ०, दुसरं नल. टेम्पलेटमध्ये ‘डिफॉल्ट’ फिल्टर लावून ‘नोंद नाही’ लिहिलंत, तर जँगो शून्याच्या जागीही ‘नोंद नाही’च छापतो, कारण त्याच्या हिशेबी शून्यही रिकामंच. इथे ‘डिफॉल्ट इफ नन’ हा फिल्टर हवा. तो शून्याला हात लावत नाही, फक्त नल बदलतो.

तुमच्या सर्व्हेतही हेच होणार. ‘मुलं ०’ आणि ‘उत्तर दिलं नाही’ पानावर सारखं दिसलं, आणि कुणी त्या पानावरून सरासरी काढली, तर निष्कर्षच बदलेल.

म्हणून टेम्पलेट झाल्यावर चार नोंदी मुद्दाम भरून बघा: एक पूर्ण भरलेली, एक रिकाम्या यादीची, एक शून्याची, एक नलची. प्रत्येकीचं पान वेगळं दिसायला हवं. मग टेस्टमध्ये तपासा की फेरफार असलेल्या गटाच्या पानावर तो फेरफार क्रमांक खरंच येतोय. नुसतं पान उघडलं म्हणजे टेस्ट पास, असं धरू नका. स्पेलिंग चुकलेलं पानसुद्धा छान उघडतं.