रक्तगट, घशाचे जंतू आणि मूत्रपिंडे

पेढीवर आलेल्या गोणीवरील छाप पाहून माल कोणाचा हे हमालासही कळते. आपल्या रक्तपेशींवरही अशा छापा असतात. त्यांस प्रतिजन म्हणतात. परकी छाप दिसताच रक्तातील प्रतिद्रव्ये तिच्यावर तुटून पडतात. या छापांवरूनच रक्तगट ठरतात.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण रक्त जगापुढे मांडले. सर्वांस चालते असे मानलेले ओ गटाचे रक्तही त्यास चालेना! ओ गटाच्या पेशींवर निदान ‘एच’ ही मूळ छाप असते. या रक्तात तीही नव्हती. त्यास आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात आणि त्यास केवळ त्याच गटाचे रक्त लागते. न जुळणारे रक्त दिल्यास पेशी फुटतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उद्भवतो. झगडा रक्तातला, भोग मात्र मूत्रपिंडांस!

असाच झगडा पुष्कळदा घरातल्या मुलांत होतो. घसा सुजविणारे आणि पावसाळ्यात अंगावरील पुळ्या व खाजवलेली खरूज चिघळविणारे स्ट्रेप्टोकॉकस जंतू शरीरास परके असतात. त्यांचे प्रतिजन व आपली प्रतिद्रव्ये मिळून मूत्रपिंडांच्या सूक्ष्म गाळण्यांत अडकतात आणि तेथे दाह होतो. घसादुखीनंतर एकदोन आठवड्यांनी, त्वचारोगानंतर तीन किंवा अधिक आठवड्यांनी सकाळी मुलाचा चेहरा सुजलेला दिसतो. लघवी थोडी व काळ्या चहासारखी होते. तोवर घसा बरा झालेला असल्याने दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही.

येथे अशोका गार्डनमध्ये काय, अन्यत्र काय, ‘उष्णता झाली’ म्हणून धण्याचे पाणी देण्यात आपण दोनतीन दिवस घालवितो. तेच दिवस मोलाचे असतात, कारण रक्तदाब एकाएकी वाढून मुलास झटके येऊ शकतात. त्याच दिवशी लघवी व रक्तदाब तपासून घ्यावा. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

घशासाठी दिलेले पेनिसिलीन अर्धवट सोडू नये. त्याने सांधेहृदयाचा संधिवातज्वर टळतो, मूत्रपिंडांची मात्र पूर्ण हमी मिळत नाही. सूज असेतो मीठ वर्ज्य करावे, पाणी डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावे. आयंबिलाच्या अळणी जेवणाची सवय असलेल्या आपल्या स्वयंपाकघरांस हे पथ्य जड नाही. पापड-लोणच्याची बरणी तेवढी मुलाच्या हाताला लागू देऊ नये.