गव्हातले तण आणि मूत्रपिंडातली गाठ

आमच्या गावच्या घरी परसदारच्या कुंपणावर ईश्वरीचा वेल आहे. काही जण त्याला सापसंद म्हणतात. आजी त्याचे मूळ सहाणेवर उगाळून पोटदुखीवर द्यायची. साप चावल्यावरही हेच देतात, असे सांगायची. पावसाळ्यात या वेलावर 'कॉमन रोझ' फुलपाखराच्या अळ्या दिसतात. त्या पाने खातात, पानांतले विष अंगात साठवतात आणि मग पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. या विषाचे नाव अरिस्टोलोकिक आम्ल. याच वेलाच्या एका युरोपीय भावंडाने डॅन्यूबच्या खोऱ्यातली कित्येक घरे पोखरली आणि ते सिद्ध व्हायला अर्धशतक लागले.

डॅन्यूब आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठची ही शेतकरी गावे आजच्या बल्गेरिया, रुमानिया, सर्बिया, बोस्निया आणि क्रोएशियात येतात. तिथल्या एका चमत्कारिक मूत्रपिंडविकाराची वर्णने 1956 च्या सुमारास वैद्यकीय साहित्यात आली. मूत्रपिंडे वर्षानुवर्षे हळूहळू आक्रसत जात. त्याच रुग्णांपैकी अनेकांना कर्करोग होई, तोही सहसा न आढळणाऱ्या जागी. मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा मूत्राशयात होतो. वरच्या भागात, म्हणजे मूत्रपिंडातल्या नरसाळ्यासारख्या पोकळीत किंवा तिथून निघणाऱ्या मूत्रवाहिनीत, तो जगभरात शंभरातल्या पाच-दहा रुग्णांनाच होतो. या गावांत मात्र तो वरच्याच भागात होत होता.

रोगाची वाटणीही विचित्र होती. एक गाव पछाडलेले, तर शेजारचे धडधाकट. गावातही काही घरांत रोग, पलीकडच्या घरात नाही. कुटुंबात अनेकांना होई म्हणून आनुवंशिकतेवर संशय गेला; पण एकाच घरात नवरा आणि बायको दोघेही आजारी पडत, आणि त्यांच्यात रक्ताचे नाते नव्हते. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही पंधरा-वीस वर्षांनी तोच रोग जडे. लहान मुलांत तो दिसत नसे. म्हणजे कारण रक्तात नसून घरात होते, आणि ते फार सावकाश काम करत होते. मला विचाराल तर निम्मे उत्तर इथेच मिळाले होते.

उरलेले निम्मे मात्र भलतीकडे शोधले गेले. विहिरींच्या पाण्यात कोळशाच्या थरांतून काही उतरते का, साठवलेल्या धान्याला बुरशी लागते का, एखादा विषाणू आहे का, जड धातू आहेत का, हे सारे तपासून झाले. 1969 साली इविच नावाच्या सर्बियन संशोधकाने सुचवले, की गव्हाच्या शेतात 'अरिस्टोलोकिया क्लेमॅटिटिस' हे तण माजते आणि त्याचे बी गव्हाबरोबर दळले जाते. घरचा गहू, घरचे पीठ, रोजचा पाव. एका घरात रोग आणि शेजारी नाही, याचा उलगडा त्यातून होत होता. तरीही ही सूचना जवळजवळ बाजूलाच पडून राहिली.

तिला पुन्हा उजेडात आणले ब्रसेल्सने. 1990 च्या सुमारास तिथल्या काही स्त्रिया वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधींच्या गोळ्या घेत होत्या. चिनी नावांतल्या साधर्म्यामुळे एका वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकियाचीच एक जात गोळ्यांत गेली. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडे खराब झाली. हे प्रकरण 1993 साली प्रसिद्ध झाले. पुढे ज्या 39 रुग्णांनी निकामी मूत्रपिंडे काढून घ्यायला संमती दिली, त्यांतल्या 18 जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला. ब्रसेल्समधले मूत्रपिंडाचे चित्र डॅन्यूबकाठच्या रुग्णांच्या मूत्रपिंडाशी मिळतेजुळते होते.

शेवटचा पुरावा 2007 साली अमेरिकेतले ग्रोलमन आणि क्रोएशियातले येलाकोविच यांच्या गटाने दिला. हे आम्ल शरीरात गेल्यावर त्याचा रेणू डीएनएमधल्या 'ए' या अक्षराला चिकटतो. पेशी विभागताना त्या जागी चुकून 'टी' लिहिले जाते. तंबाखूची खूण वेगळी, ही वेगळी. डॅन्यूबकाठच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत चिकटलेला रेणू सापडला आणि गाठींत तीच अक्षरचूक. विष खाल्ल्याला कितीतरी वर्षे लोटल्यावरही पेशीने नोंद जपून ठेवली होती.

तैवानमध्ये तर वरच्या भागातल्या कर्करोगाचे प्रमाण मूत्रमार्गाच्या कर्करोगांत जवळपास तीस टक्के आहे. तिथे वनौषधींची प्रिस्क्रिप्शने सरकारी विम्यात नोंदवली जातात. त्यावरून दिसले, की 1997 ते 2003 या काळात सुमारे एक तृतीयांश लोकांना हे आम्ल असलेली औषधे दिली गेली होती. 2003 साली तिथे बंदी आली.

1895 साली फ्रँकफर्टच्या रेन या शल्यचिकित्सकाने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना होणारा मूत्राशयाचा कर्करोग दाखवून दिला. कारखान्यात हजेरीपट असतो, तैवानकडे विम्याची वही होती. सहाणेवर उगाळलेल्या मुळाची वही नसते. 'आम्ही पिढ्यानपिढ्या घेतो, काही झाले नाही' हे म्हणणे खोटे नसते. पण वीस वर्षांनी येणारा परिणाम घेणाऱ्याच्या अनुभवात मावतच नाही. आजी ऐंशी ओलांडून गेली. तिची मूत्रपिंडे कोणी तपासली नाहीत.

'अरिस्टोलोकिया' या ग्रीक नावाचा अर्थ 'बाळंतपणाला उत्तम' असा आहे. युरोपातही हे औषधच होते, हे इथे सांगायला हवे. आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदवही 1963 पासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदवही 1987 पासून. पण मूत्रपिंडातल्या त्या पोकळीचा कर्करोग मोठ्या तक्त्यांत अनेकदा 'मूत्रपिंड' याच रकान्यात जातो. तैवानसारखा आकडा उद्या एखाद्या तालुक्यात उमटलाच, तर आधी तो रकाना वेगळा काढावा लागेल आणि रुग्णाला तंबाखूबरोबरच मुळ्या-काढ्यांविषयीही विचारावे लागेल. कुंपणावरचा वेल मी काढलेला नाही, अळ्यांना तो लागतो. सहाण मात्र आता चंदनापुरतीच वापरतो.