सेकंदाला साडेबारा कोटी ठिपके

समजा, तुम्ही धाराशिव जिल्ह्यात कळंब, भूम किंवा उमरग्याला राहता. सोयाबीनचे पैसे हाती आले आणि वडील म्हणाले, "चल, तुला संगणक घेऊ या." तुम्हाला अभ्यास तर करायचा आहेच, पण मोटारींच्या शर्यतीचे खेळही खेळायचे आहेत. दुकानदार विचारतो, "ग्राफिक्स कार्ड कोणते टाकू?" येथेच भल्याभल्यांची गडबड होते. पिकाचा पैसा काही रोज येत नाही. तो खर्च करण्यापूर्वी हे कार्ड करते तरी काय, ते पाहू या.

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत 1920 आणि उभ्या ओळीत 1080 ठिपके असतात. गुणाकार करा. 20,73,600 ठिपके झाले! खेळातली मोटार सलग पळताना दिसावी म्हणून असे चित्र सेकंदाला साधारण 60 वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला 12,44,16,000 ठिपके. प्रत्येकाचा रंग कोणता, त्यावर उजेड किती, सावली कोणाची, हे सारे गणिताने ठरते.

हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरने का करू नये? खुरपणीचे उदाहरण घ्या. गावातला सुतार कितीही कुशल असला, तरी तो एकटा दहा एकर रान दिवसात खुरपू शकेल काय? तेथे शंभर माणसे हवीत. प्रत्येकाने आपापली पात धरली की रान भराभर मोकळे होते. प्रोसेसर हा सुतारासारखा. अवघड आणि वेगवेगळी कामे करणारा. ग्राफिक्स कार्डावरच्या चिपमध्ये मात्र शेकडो, हजारो लहान गणक असतात. एकाच प्रकारचे सोपे गणित ते एकाच वेळी अनेक ठिपक्यांसाठी करतात.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न कार्डाचा नाही, पडद्याचा! 3840 × 2160 ठिपक्यांच्या पडद्याला चौपट ठिपके लागतात. तुमचा पडदा साधा असेल, तर त्या मोठ्या पडद्यासाठी बनवलेल्या महागड्या कार्डाची बरीचशी ताकद वाया जाईल.

दुसरा प्रश्न स्मृतीचा. भिंत, रस्ता, झाडाची साल यांची चित्रे कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवावी लागतात. 4096 × 4096 ठिपक्यांचे एक चित्र, दर ठिपक्याला 4 बाइट, म्हणजे 64 मेगाबाइट झाले. अशी 16 चित्रे एक गिगाबाइट भरतात. ती दाबून कमी जागेत बसवतात, तरीही स्मृती अपुरी पडली की खेळ अडखळतो. पण नुसत्या स्मृतीच्या आकड्याला भुलू नका. कोठार मोठे आणि मजूर थोडे, असे कार्डही बाजारात असते.

तिसरा प्रश्न विजेचा. मुख्य फळीवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून अधिक लागले तर पॉवर सप्लायपासून वेगळी तार जोडावी लागते. समजा, कार्ड 150, प्रोसेसर 100 आणि बाकीचे भाग 50 वॅट घेतात. बेरीज 300. हे 75 वॅटचे चार पंखे एकदम चालवण्यासारखे आहे! रोज दोन तास खेळलात तर 30 दिवसांत 18 युनिट वीज जाईल. पॉवर सप्लाय 450 ते 500 वॅटचा घ्यावा. वीज गेल्यावर खेळ जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता यूपीएस हवा. मात्र 600 व्हीए लिहिलेले अनेक यूपीएस प्रत्यक्षात 360 वॅटच देतात, हे ध्यानात ठेवा.

चौथा प्रश्न उन्हाळ्याचा. कार्डाने घेतलेली जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णता होते. पंखा ती खोलीतल्या हवेत सोडतो. हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. खोली 25 अंश असताना चिप 70 अंशांवर राहत असेल, तर 40 अंशांच्या खोलीत तेवढ्याच कामाला ती 85 च्या आसपास जाईल. फार तापली की चिप आपणच वेग कमी करते. म्हणून हवा खेळती राहील अशी पेटी घ्या आणि धूळ वेळोवेळी झाडा. कार्डाची लांबी पेटीत मावते का, हेही आधी मोजा.

हे कार्ड केवळ खेळण्याची वस्तू आहे काय? मुळीच नाही! पुणे जिल्ह्यात खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून पाहावे लागतात, आणि 30 अँटेनांच्या जोड्या होतात 435. दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा हे काम ग्राफिक्स चिपांवर सोपवण्यात आले. मोटार पळवणारे गणित आकाशगंगाही दाखवते!

तुम्हीही करून पाहा. शाळेतल्या किंवा घरातल्या पडद्याचे ठिपके किती, ते सेटिंगमध्ये शोधा आणि 60 ने गुणा. अनेक प्रोसेसरांत साधी ग्राफिक्स चिप असतेच. अभ्यासाला आणि लहान खेळांना ती पुरते. तुमचे काम तेवढ्यावर भागत असेल, तर कार्डाचे पैसे वाचले. आणि कार्ड घेतलेच, तर पडद्याची केबल कार्डालाच जोडा. नाहीतर हजार मजूर बांधावर बसून राहतील आणि सुतारच खुरपत बसेल!