धर्मगुरूंच्या बायका कुठे गेल्या?

कॅथलिक धर्मगुरूंविषयी मराठीत लिहिताना आपण ‘ब्रह्मचर्य’ हा एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. त्या शब्दामागे आश्रमव्यवस्था येते, वीर्यरक्षणाच्या कल्पना येतात, गांधीजींचे 1906 सालचे व्रतही येते. चर्चच्या शिकवणुकीत मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली शुचिता. ती सर्वांना लागू आहे, नवराबायकोलाही. शरीरसंबंध विवाहातच असावा आणि तो अपत्यजन्माला खुला असावा, हा तिचा गाभा. याच आधारावर पोप पॉल सहावे यांनी 1968 साली कृत्रिम संततिनियमन नाकारले, तेही आधी नेमलेल्या आयोगाचे बहुमत उलट बाजूला असताना. दुसरे व्रत. ते मठवासी आणि धर्मभगिनी देवापुढे घेतात. तिसरे अविवाहितपण. लॅटिन चर्चमध्ये बिशपांच्या हाताखाली धर्मग्रामात काम करणाऱ्या फादरांवर ते कायद्याने येते. हा सिद्धान्त नाही, नियम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्वच्छ म्हटले आहे की धर्मगुरुपदाच्या स्वरूपातून अविवाहितपण अपरिहार्यपणे येत नाही.

नियम म्हटला की त्याला इतिहास आला. परिषदांचे ठराव ओळीने वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. हा इतिहास नेहमी पुरुषाच्या त्यागाचा म्हणून सांगितला जातो. पण ठरावांतून पानोपानी डोकावतात त्या बायका.

सुरुवातीला त्या होत्याच. शुभवर्तमानात येशू पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूला बरे करतो. सासू होती म्हणजे बायकोही असणार. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बिशप एका स्त्रीचा पती असावा अशी अट आहे. पौलाने अविवाहित राहणे अधिक बरे मानले, पण ते देणे सर्वांना नसते हेही सांगितले. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्विरा येथील सभेने जो नियम केला, तो लग्न करू नका असा नव्हता. लग्न झालेल्या धर्मगुरूने बायकोपासून अलिप्त राहावे, असा होता. वेदीला स्पर्श करणारे हात शरीरसंबंधापासून दूर हवेत, ही त्यामागची एक धारणा. आपल्याकडच्या सोवळ्याची आठवण यावी असाच हा प्रकार. पूर्वेकडच्या चर्चने सातव्या शतकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली: दीक्षेपूर्वी लग्न झालेले असेल तर धर्मगुरूने संसार करावा, बिशपाने मात्र नाही.

पश्चिमेत नियमाला धार आली ती अकराव्या शतकात, आणि तिथे सोवळ्याइतकीच जमीनही महत्त्वाची होती. बाप धर्मगुरू, मुलगा वारस, म्हणजे चर्चची शेते घराण्याची होणार. 1022 साली पाव्हियाच्या सभेने धर्मगुरूंच्या मुलांना चर्चचे भूदास ठरवले. 1089 साली मेल्फीच्या सभेने आणखी पुढची पायरी गाठली: बायको न सोडणाऱ्या उपडीकनाच्या बायकोला सरदारांनी दासी करून घ्यावे, अशी मुभा दिली. पीटर डेमियन या संतपदाला पोहोचलेल्या सुधारकाने या स्त्रियांना उद्देशून वापरलेली भाषा मी इथे देत नाही. शेवटी 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूचे लग्न हे लग्नच नव्हे असे ठरवले. तोवर ते नियमबाह्य असले तरी लग्न होते. आता कालची धर्मपत्नी आज ठेवलेली बाई झाली, तिची मुले अनौरस झाली.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. विठ्ठलपंत संन्यास सोडून घरी परतले ते गुरूच्या आज्ञेने, असे परंपरा सांगते. पण मुंज नाकारली गेली ती मुलांची. रुक्मिणीबाईंचे काय झाले, याकडे आपणही ओझरतेच पाहतो.

हा नियम हिंदुस्थानात आला तो गोव्यामार्गे. मलबारचे सेंट थॉमस ख्रिस्ती पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेतले. त्यांचे कत्तनार, म्हणजे धर्मगुरू, लग्न करत. गोव्याचे आर्चबिशप अलेक्सो द मेनेझिस यांनी जून 1599 मध्ये उदयंपेरूर येथे सभा भरवली. पोर्तुगीज नोंदींत ही डायम्परची सभा. विवाहित कत्तनारांनी बायका सोडाव्यात, तोवर धर्मकार्य करू नये, असा तिचा ठराव. म्हणजे रोमने पूर्वेच्या चर्चसाठी मान्य केलेली चाल मलबारात गुन्हा ठरली. लॅटिन वहिवाट म्हणजेच सगळे चर्च, हा समज त्यामागे होता. 1653 साली मट्टांचेरीला या समाजाने पोर्तुगीज वर्चस्वाविरुद्ध शपथ घेतली, तिची कारणे अधिकाराची अधिक होती. पण साठलेल्या रागात उदयंपेरूरचे ठरावही होते असे मला वाटते.

हीच चूक अमेरिकेत पुन्हा झाली. कार्पेथियन डोंगराळ मुलखातून आलेले पूर्वेचे कॅथलिक खाणींत आणि गिरण्यांत कामाला लागले, त्यांचे विवाहित धर्मगुरू मागोमाग आले. 1889 साली अलेक्सिस टॉथ मिनियापोलिसला आले आणि आर्चबिशप जॉन आयर्लंड यांना भेटायला गेले. टॉथ विधुर होते. तरी, त्यांच्याच सांगण्यानुसार, एकेकाळी बायको होती एवढेच त्यांना दाराबाहेर ठेवायला पुरले. 1891 मध्ये ते 361 माणसांसह रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले, आणि पुढे हजारो त्यांच्या मागे. एवढे होऊनही रोमने 1929 साली अमेरिकेतल्या पूर्व कॅथलिकांवर अविवाहितपणाची अट पक्की केली. ती उठली 2014 मध्ये.

नियम बदलण्याजोगा आहे हे रोमला ठाऊक आहे. लग्न करून कॅथलिक झालेल्या अँग्लिकन पाद्रींना अपवाद म्हणून दीक्षा मिळते. 2019 साली अ‍ॅमेझॉन खोऱ्यासाठी भरलेल्या बिशपांच्या सभेत, जिथे वर्षवर्ष मिस्सा होत नाही अशा दुर्गम भागात विवाहित पुरुषांना दीक्षा द्यावी, या शिफारशीला 128 मते पडली, विरोधात 41. पोप फ्रान्सिस यांनी पुढच्या वर्षीच्या पत्रात तो विषयच काढला नाही. अविवाहितपणाने माणूस सर्वांचा होतो, ही बाजू मी हलकी मानत नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांचे आयुष्य पाहिले की ती कळते. पण मनापासून घेतलेले देणे आणि नोकरीची अट यांतला फरक तेवढ्याने पुसत नाही.

केरळात आज सिरो-मलबार कॅथलिकांचे फादर अविवाहित असतात, शेजारच्या ऑर्थोडॉक्स देवळातल्या अच्चनचा संसार असतो. तिथे धर्मगुरूच्या पत्नीला मानाने ‘बस्कियम्मा’ म्हणतात. शब्द मुळात सिरियाक, अर्थ ‘कराराची कन्या’. चौथ्या शतकातल्या सिरियाक चर्चमध्ये याच नावाने ओळखल्या जात त्या लग्न न करण्याचे व्रत घेतलेल्या स्त्रिया.