वाद्य आणि बंध : ‘रिव्हॉल्व्हर’मधील एक प्रयोग

परक्या संगीतातील वाद्य स्वीकारणे आणि त्या संगीताची रचनापद्धती स्वीकारणे, या दोन गोष्टी अभ्यासकाने वेगळ्या मानल्या पाहिजेत. इंग्लंडमधील ‘बीटल्स’ या रॉक वाद्यवृंदाच्या दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्या, म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

१९६५ च्या ‘रबर सोल’मधील ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजविली. परंतु गीताचा सांगाडा पाश्चात्त्यच राहिला. सतारीने केवळ रंग भरला. ऑगस्ट १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये अनेक नव्या शैली दिसतात. ‘एलिनॉर रिग्बी’ला आठ तंतुवाद्यांची साथ आहे, तर ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये ध्वनिफितींची वेटोळी फिरविली आहेत. ‘लव्ह यू टू’मधील बदल मात्र अधिक मूलगामी होय. आरंभी तालाविना आलापसदृश सतारवादन, नंतर अनिल भागवत यांच्या तबल्यासह लयबद्ध गायन आणि अखेरीस द्रुत लय, हा क्रम आपल्या वाद्यसंगीतातील आलाप-गतीचा आहे. पाश्चात्त्य स्वरसंवादांची साखळीही येथे जवळजवळ लोपली असून आधारस्वरच गीतास तोलून धरतो. अर्थात तीन मिनिटांच्या गीतात रागविस्तारास वाव नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत मुंबईत भारतीय वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतले. तेथे सरोद, सनई, पखवाज आहेत. बंध मात्र ठरीव कडव्यांच्या गीताचा आहे. तात्पर्य, वाद्यांच्या नामावलीवरून समन्वय मोजू नये. तो रचनेत शोधावा.