मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले सुट्टीत आजोळी आली, म्हणजे त्यांच्या तोंडी तेथील फुटबॉलचे कौतुक असते. तो चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ, ती शिरस्त्राणे, तो धसमुसळेपणा! आजोबांनी विचारावे, ‘अरे, पायाने खेळत नाहीत तर त्याला फुटबॉल कसे म्हणायचे?’ आणि नातवाने उलट विचारावे, ‘मग तुमच्या वेळी कोणता खेळ होता?’ या प्रश्नाला कोळार, बीदर, भालकी, आळंद या भागातील जुन्या मराठी घरांत एकच उत्तर मिळते: हुतुतू. नातवाला हा शब्द ठाऊक नसतो. ‘कबड्डी’ म्हटले की मात्र त्याचा चेहरा खुलतो, कारण ती त्याने दूरचित्रवाणीवर पाहिलेली असते. हुतुतू आणि कबड्डी यांच्यामधील शंभर वर्षांची वाट, त्या वाटेवरील काही माणसे आणि काही प्रसंग वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या अमेरिकन खेळाविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो पहिला सामना झाला, तो आजच्या खेळाशी फारसा जुळणारा नव्हता. त्याला आजचे रूप येण्यास आरंभ झाला तो १८८० मध्ये. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प याने दोन्ही संघांच्या मधोमध एक रेषा मानावी आणि प्रत्येक डाव त्या रेषेपासून सुरू व्हावा, असा नियम आणला. नुसत्या झोंबाझोंबीला त्यामुळे डावपेचाचे रूप आले. तरीही १९०५ पर्यंत खेळ इतका जीवघेणा होता, की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानी बोलवावे लागले. पुढील वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा देणारा नियम झाला आणि खेळ वाचला. म्हणजे त्या खेळाचा इतिहास हा जितका वीरांचा, तितकाच नियम करणाऱ्यांचा आहे. आपल्या हुतुतूची गोष्ट याहून निराळी नाही. फरक इतकाच, की आपल्या खेळात रेषा पूर्वीपासूनच होती. नियमांचे पुस्तक तेवढे नव्हते.

हुतुतूला साहित्य लागत नाही. पायाच्या टाचेने मातीत रेघ ओढली, दोन तट पाडले, की मैदान तयार. गावोगावी रिवाज मात्र निराळे. कोठे बाद झालेला गडी आपल्या पक्षाने समोरचा गडी मारला की पुन्हा जिवंत होई. हा संजीवनीचा प्रकार. कोठे एकदा बाद झालेल्याने सगळा पक्ष बाद होईपर्यंत बाहेर बसावे, ती गामिनी. कोठे कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजले जात, तो अमर. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला, की निम्मा वेळ खेळण्यात आणि निम्मा भांडणात जाई!

या भांडणांतूनच नियमांची निकड निर्माण झाली. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात खेळाला ठरावीक आकार येऊ लागला. पण अखिल भारतीय स्वरूपाची स्पर्धा भरवून नियम छापण्याचे श्रेय जाते ते १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याकडे. आमच्या वाचकांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांच्या नगरात या मराठी खेळाचे नियम बांधले गेले. आम्हां ‘बाहेरच्या’ मंडळींना मूळ मुलखाकडून नेहमी काही तरी मिळते, अशी समजूत आहे. येथे प्रवाह उलटा वाहिला.

त्यानंतरचा टप्पा आणखी लांबचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि तेथे त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांत हा खेळही होता. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, कलकत्त्याला झालेल्या राष्ट्रीय क्रीडामेळाव्यात त्याचा समावेश झाला. मद्रासकडे आणि तेलुगू मुलखात चेडुगुडू, बंगालात हाडुडू, आपल्याकडे हुतुतू. या सर्वांना एका छत्राखाली आणताना १९५० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय महासंघाने ‘कबड्डी’ हेच नाव धारण केले. हुतुतू हा शब्द घरातच राहिला. त्याची हळहळ आम्हांस आहे. पण नाव सोडल्यावाचून देशभराचा खेळ झाला नसता, हेही मान्य केले पाहिजे.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला झाली. त्या वेळी बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली आणि जिल्ह्याच्या मधून रेषा गेली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरसंबंध, बाजार, जत्रा या सर्वांवर त्याचा काय परिणाम झाला, ते वाचकांना ठाऊकच आहे. खेळाच्या बाबतीत अर्थ सरळ होता. एकाच नात्यागोत्यातील पलीकडचा गडी पुढे महाराष्ट्राचा झाला आणि अलीकडचा म्हैसूरचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा. राष्ट्रीय स्पर्धेत दोघे समोरासमोर आले, तर घरातील वडीलधाऱ्यांनी कोणाच्या बाजूने बोलावे, हा प्रश्न काही कुटुंबांत थट्टेचा असे, काही कुटुंबांत तितकासा थट्टेचा नसे.

महाराष्ट्रात या काळात ज्या माणसाने खेळासाठी आयुष्य वेचले, ते शंकरराव साळवी. सारा महाराष्ट्र त्यांना ‘बुवा’ म्हणून ओळखतो. संघटना बांधणे, नियम नेटके करणे, परदेशांत खेळ नेणे, हे त्यांचे व्रत होते. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. खेळाडूंपैकी सदानंद शेट्ये यांना १९७२ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. कबड्डीतील तो पहिला. पुढे पुण्याच्या शांताराम जाधव यांनी तो मान मिळविला. १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशात जाऊन पाच सामने खेळला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत खेळ केवळ प्रात्यक्षिकापुरता होता. १९९० मध्ये बीजिंगला मात्र त्याला पदकाचा दर्जा मिळाला आणि भारताने सुवर्ण जिंकले. त्या संघात महाराष्ट्राचे अशोक शिंदे आणि राजू भावसार होते.

बीजिंगपासून २०१४ च्या इंचॉनपर्यंत पुरुषांची सलग सात सुवर्णपदके! इंचॉनच्या अंतिम सामन्यात इराणवर विजय मिळाला, पण तो २७-२५ असा, अवघ्या दोन गुणांनी. सावध व्हावयास हवे होते. महिलांनीही २०१२ मध्ये पाटण्याला पहिला विश्वचषक इराणलाच २५-१९ असे हरवून जिंकला होता. त्या संघाची कर्णधार ममता पुजारी ही उडुपी जिल्ह्यातील, कर्नाटकाची. आणि तिच्या जोडीला महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ व सुवर्णा बारटक्के.

आता आम्ही ज्या प्रसंगाकडे येत आहोत, तो लिहिताना लेखणी थोडी अडखळते. ऑगस्ट २०१८, जाकार्ता. पुरुषांच्या संघाला साखळीत दक्षिण कोरियाने २४-२३ असे हरविले. आशियाई स्पर्धेतील भारताचा तो पहिलाच पराभव. उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे नमविले. अठ्ठावीस वर्षांची मिरासदारी संपली. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना होता. मध्यंतराला भारतीय मुली पुढे होत्या. उत्तरार्धात इराणी मुलींनी एकेक गुण जोडीत २७-२४ असा विजय खेचून नेला. मैदानाच्या कडेला त्या इराणी मुलींनी ज्यांना आनंदाने घेरले, त्या बाई मराठी होत्या. नाशिकच्या शैलजा जैन.

महाराष्ट्रात अनेक वर्षे शासकीय प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुली घडविल्या. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद मिळावे ही त्यांची इच्छा पुरी झाली नाही, आणि ही खंत त्यांनी लपविली नाही. निवृत्तीनंतर इराणकडून बोलावणे आले. परका मुलूख, परकी भाषा, आहाराने त्या शाकाहारी! त्यांनी फार्सी शिकून घेतली, मुलींना योगासने व प्राणायाम शिकविला. कबड्डी हा अखेर दमाचा खेळ आहे. श्वासावर ज्याची सत्ता, त्याची चढाई लांब जाते. ही गोष्ट नाशिकच्या बाईंनी तेहरानच्या मुलींच्या अंगी बाणविली.

त्या दिवशी अनेक मराठी घरांत वाद झाले असतील. एक पक्ष म्हणे, आपली विद्या परक्याच्या हाती दिली. दुसरा पक्ष म्हणे, घरी विचारले नाही तर विद्या कुजवावयाची काय? आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत. शिकविणाऱ्याला शिष्य हवा असतो. तो कोणत्या रेषेच्या पलीकडचा, हा प्रश्न मागाहूनचा. आणि हेही खरे, की इराणी पुरुष संघाचा कर्णधार फजल अत्राचली हा २०१५ मध्ये मुंबईच्याच संघातून प्रो कबड्डी लीगचे विजेतेपद जिंकून गेला होता. त्याबद्दल कोणी शैलजाबाईंना दोष दिला नाही!

भारताने पुढची परतफेड केली ती ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझौला. महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरविले. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक. पुरुषांचा इराणशी अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावतची चढाई आली. तो कोणाला स्पर्श न करता राखीव पट्ट्यात गेला आणि इराणी गडी त्याच्यामागोमाग. जुन्या नियमाप्रमाणे मागून आलेले सारे बाद. नव्या नियमाप्रमाणे केवळ चढाई करणारा बाद. कोणता नियम लावावयाचा, यावर सामना सुमारे तासभर खोळंबला. दोन्ही संघ मैदानात ठाण मांडून बसले. शेवटी ३३-२९ असा निकाल भारताच्या बाजूने लागला. गावच्या जत्रेतील हुतुतूची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते दृश्य अपरिचित वाटले नसेल.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने खेळाचे रूप पालटले, हे आम्ही नाकारीत नाही. मातीची जागा गाद्यांनी घेतली, अनवाणी पायांत जोडे आले, चढाईला तीस सेकंदांची मर्यादा काटेकोर झाली. पहिल्या वर्षी सर्वांत महागडा खेळाडू राकेशकुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटण संघाने मोहम्मदरेझा शादलू या इराणी पकडवीरासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. हे आकडे ऐकून जुनी माणसे मान हलवितात. आमचे मत असे, की ज्या खेळाडूंना पूर्वी रेल्वे-बँकेतील नोकरी हीच पराकाष्ठेची आशा होती, त्यांच्या घरी चार पैसे आले तर त्यात दुःख कसले? मातीचे मात्र वाईट वाटते.

त्याच पुणेरी पलटणीची गोष्ट सांगून लेखणी ठेवतो. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामना हैदराबादला झाला. पुणे कोळारहून कितीतरी लांब. हैदराबाद मात्र आपल्या भागाचे जुने राजधानीचे गाव, दवाखान्याला आणि लग्नाच्या खरेदीला आजही जवळचे. समोर हरियाणाचा संघ होता. पंकज मोहिते याने एकाच चढाईत चार गुण आणून सामन्याचा काटा पुण्याकडे झुकविला आणि पलटणीने २८-२५ असे प्रथमच विजेतेपद मिळविले. कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातील शेतकरी भागातला तरुण. हांगझौच्या सुवर्णपदक विजेत्या संघातला. पकडीचा आधारस्तंभ शादलू, जो हांगझौला इराणकडून त्याच्याविरुद्ध उभा होता. आणि या सर्वांना शिकविणारे बी. सी. रमेश, २००१ चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी, कर्नाटकाचे. त्या रात्री आमच्या भागातील घरांत कोणाच्या बाजूने ओरडावयाचे, हा प्रश्न उद्भवला नाही.