टायरची साक्ष

मोटारगाडी ही एके काळीं संस्थानिकांच्या व पेढीवाल्यांच्या दारीं शोभणारी वस्तु होती. आज शिक्षक, कारकून, लहान दुकानदार यांच्याही दारांत ती उभी दिसते; आणि ज्याला नवी परवडत नाहीं तो दुसऱ्याच्या वापरांतून आलेली गाडी घेतो. यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु जुनी गाडी पाहावयास गेलेल्या मनुष्याचें लक्ष रंगावर, गाद्यांवर आणि गाण्याच्या यंत्रावर खिळतें. ज्या चार टायरांवर सगळी गाडी उभी असते त्यांच्याकडे वांकून पाहणारा विरळा.

आमच्या घरीं हा धडा बराच महाग पडला. तीन वर्षांपूर्वीं माझ्या वडिलांनीं घासाघीस करून, आठ हजार रुपये वांचवून, एक जुनी गाडी घेतली. विकणाऱ्यानें टायरांना काळें पॉलिश लावून ते चकचकीत केले होते. वैशाखांत आम्ही आजीला भेटावयास निघालों. सिन्नरच्या अलीकडे, ऐन दुपारीं, मोठा आवाज होऊन मागील डावा टायर फुटला. वडिलांनीं स्टिअरिंग घट्ट धरिलें, ब्रेक जोरानें दाबला नाहीं, आणि गाडीचा वेग आपोआप उतरूं देऊन ती कडेला घेतली. माझी धाकटी बहीण पाण्याची बाटली छातीशीं धरून बराच वेळ एक शब्दही बोलली नाहीं. पुढें पंक्चर काढणारे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनीं फाटका टायर उलटसुलट करून एका जागीं बोट ठेविलें व म्हटलें, "हा अकरा वर्षांचा आहे, साहेब. तो सांगत होता. तुम्हीं ऐकलें नाहीं."

टायर काय सांगतो हें समजण्यासाठीं तो कसा असतो हें प्रथम पाहिलें पाहिजे. कच्चें रबर उन्हांत चिकट व थंडींत ठिसूळ होतें. गंधकाबरोबर तापविल्यास तें टिकाऊ होतें, हा शोध १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास लागला. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यानें हवेनें भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. मूळ कल्पना त्याला आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीवरून सुचली होती. आजच्या टायरांत रबराखालीं धाग्यांचे व पोलादी तारांचे थर असतात, आणि रबरांत काजळी मिसळलेली असते. तिच्यामुळें टायर काळा दिसतो व कमी झिजतो. तथापि गाडीचा भार मुख्यतः आंतील दाबलेली हवाच तोलून धरते, आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो केवळ तळहाताएवढ्या जागेवर. वळणें, थांबणें, सांवरणें, हें सर्व त्या चार तळहातांवर चालतें.

हवा कमी असली म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक वांकते. तार वारंवार वांकविली असतां जशी तापते तसाच टायरही तापतो, आंतले थर एकमेकांपासून सुटतात, व शेवटीं तो फुटतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ सालीं पूर्णपणें खुला झाला. अशा रस्त्यावर गाडी तासन्‌तास एकाच वेगानें धांवते व दुर्बळ टायराला विसांवा मिळत नाहीं. म्हणूनच २०२३ सालीं परिवहन खात्यानें त्या मार्गावर टायर तपासण्याची मोहीम हातीं घेतली होती. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत लिहिलेला असतो. टायरच्या बाजूवरील आंकडा हा कमाल मर्यादेचा असतो. तितकी हवा भरूं नये. दाब टायर थंड असतांना, निदान महिन्यांतून एकदां व लांबच्या प्रवासापूर्वीं पाहावा.

आतां टायरची साक्ष. पहिली साक्ष वयाची. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटींत चार आंकडे असतात. ३२२१ असें असल्यास तो टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. रबर न वापरतांही वाळतें व त्यास बारीक चिरा पडतात. पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी शाबूत असली तरी, तो काढून टाकावा, असें कित्येक टायर बनविणारेच सांगतात.

दुसरी साक्ष खोलीची. टायरवरील खांचा पावसाचें पाणी बाहेर फेंकतात. त्या उथळ झाल्या म्हणजे चाक पाण्याच्या पातळ थरावर तरंगूं लागतें व ब्रेक लागेनासा होतो. खांचांच्या तळाशीं १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली कीं टायरचें आयुष्य संपलें. आपल्याकडील नियमांची मर्यादाही हीच आहे.

तिसरी साक्ष झिजण्याच्या तऱ्हेची, आणि जुनी गाडी घेणारास ती सर्वांत मोलाची. मध्यभाग झिजला असेल तर हवा नेहमीं जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर चाकें सरळ रेषेंत नाहींत, व तें एखाद्या अपघाताचें चिन्हही असूं शकतें. गाडीनें केवळ वीस हजार किलोमीटर अंतर तोडल्याचें यंत्र दाखवीत असून चारी टायर मात्र गाडीहून चार वर्षांनीं लहान असतील, तर पहिले टायर कोठें गेले, हें अवश्य विचारावें. यंत्राचा आंकडा मागें फिरवितां येतो. टायरवरील सालास कोणी सहसा हात लावीत नाहीं.

अर्थात्‌ टायर पाहून बाकीचें सोडावें असें नव्हे. नोंदणीपुस्तकांतील चासीचा व इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. बँकेचें कर्ज फिटल्याचा दाखला, विमा, आणि मालकी बदलण्याचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने यांची पूर्तता करून घ्यावी. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, तिचीं किती वर्षें उरलीं हेंही पाहावें. आणि टायर बदलावयाचे असल्यास तो खर्च गाडीच्या किंमतींत धरूनच सौदा करावा. आमच्या वडिलांनीं आठ हजार वांचविले. चार नव्या टायरांस त्याच्या दुपटीहून अधिक लागले, आणि त्या दुपारचा हिशेब तर मांडतांच येत नाहीं.

आतां प्रवासास निघण्यापूर्वीं माझी बहीण स्वतः वांकून प्रत्येक टायरवरील चार आंकडे मोठ्यानें वाचते, आणि तिचें वाचन होईपर्यंत वडील किल्ली फिरवीत नाहींत. ज्या वाचकांच्या घरीं गाडी असेल त्यांनींही हा अंक क्षणभर बाजूस ठेवून अंगणांत जावें व चारी टायरांची साक्ष घ्यावी. पांचव्याची, म्हणजे स्टेपनीची, विसरूं नये. तिलाही वय असतें.